बहरोटचा अग्नी आणि बोईसरची हार्ड डिस्क

बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तारापूरच्या रस्त्याला लागलं, की संगणक दुरुस्तीची छोटी छोटी दुकानं दिसतात. औद्योगिक वसाहतीतले कामगार, अणुऊर्जा केंद्रातले कर्मचारी, जीएसटीची विवरणपत्रं भरून देणारे सल्लागार, शिकवण्या घेणारे मास्तर, सगळ्यांची तिथे कधी ना कधी खेप होते. घरचा संगणक सुरू होईनासा झालेला असतो. दुकानदार झाकण उघडतो आणि पहिला प्रश्न टाकतो, "काका, डेटा पाहिजे, की फॉरमॅट मारून विंडोज टाकून देऊ?"

प्रश्न रोजचा, पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न आहे. नेमकं काय उरलं म्हणजे ती वस्तू उरली असं म्हणायचं?

ज्या घरात कुणीतरी वेळेवर डिस्क इमेज घेऊन ठेवलेली असते, तिथे हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. इमेज घेणं म्हणजे लग्नाचे फोटो आणि दहावीची गुणपत्रिका पेनड्राइव्हवर उतरवणं नव्हे. डिस्कचे भाग कसे पाडले आहेत, संगणक चालू होताना आधी काय वाचतो, विंडोज कुठे बसलं आहे, कोणता प्रोग्राम कोणत्या परवान्यावर चालतो, प्रिंटर कोणता, मराठी टाइप करायची कळमांडणी कोणती, हे सगळं एका ठरावीक क्षणी जसं आहे तसं उचलून एका मोठ्या फायलीत बांधलं जातं. त्यासाठी काम थांबवावं लागत नाही. विंडोज त्या क्षणाची डिस्क जणू गोठवून इमेज घेणाऱ्या प्रोग्रामपुढे धरतं. लिहिणारा पुढे लिहीत राहतो, नक्कल मात्र त्या क्षणाचीच होते. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमाराला लिहिलेल्या 'घोस्ट' या प्रोग्रामने हा प्रकार जगभर रुळवला. आज अॅक्रोनिस, मॅक्रियम असे विकतचे प्रोग्राम आहेत आणि तैवानमधून आलेलं 'क्लोनझिला' फुकट मिळतं.

मग कधीतरी जुनी डिस्क खडखडू लागते आणि बंद पडते. कोरी एसएसडी आणली जाते, तिच्यावर इमेज उतरवली जाते, आणि पडद्यावर तोच वॉलपेपर येतो, डेस्कटॉपवर त्याच जागी तीच फोल्डरं. घरातली माणसं म्हणतात, आपला कॉम्प्युटर परत आला. जुनी डिस्क भंगारात जाते.

परत कोण आलं?

संगणक बनवणाऱ्यांनाही या प्रश्नाचं उत्तर देणं भाग पडलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या हिशोबात विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तरी संगणक तोच. मदरबोर्ड बदलला, की आतलं अक्षर न् अक्षर सारखं असूनही तो दुसरा ठरतो आणि परवाना नव्याने सिद्ध करावा लागतो. कंपनीच्या लेखी ओळख शरीरात आहे, घरच्यांच्या लेखी स्मृतीत. दोघांचंही काही अंशी बरोबर आहे, आणि दोघांनाही अडचणीत आणणारी एक गोष्ट आहे. मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब नक्कल एकाच संगणकाला जोडली, की दोघींची ओळखखूण एकच निघते. विंडोज मग दोघींपैकी एकीला ऑफलाइन करून बाजूला ठेवतं. एका ओळखीचे दोन धनी त्याला चालत नाहीत.

मराठी घरातली जाणती माणसं अशा वेळी गीतेकडे वळतात. दुसऱ्या अध्यायातली जुन्या आणि नव्या वस्त्रांची उपमा सगळ्यांना पाठ असते. डिस्क हे वस्त्र, डेटा हा आत्मा; वस्त्र फाटलं, आत्म्याने नवं घेतलं. ऐकायला गोड आहे, पण इथे बसत नाही. त्याच अध्यायात आत्मा हा शस्त्र, आग आणि पाणी यांच्या आवाक्याबाहेरचा मानला आहे. डेटाचं याच्या अगदी उलट. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने सर्किटला गंज चढतो, पावसाळ्यात वीज कडाडली की लाइनमधून झटका येतो, एखादा व्हायरस रात्रीत सगळ्या फायली कुलूपबंद करतो. पत्र्याची पेटी शाबूत राहते आणि आतलं लिखाण जातं. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली, तर तिच्यातला विद्युतभारही हळूहळू झिरपून जाऊ शकतो. ज्याला आत्मा म्हणायचं तेच इथे सगळ्यात नाशवंत आहे. वेदान्ताचा आत्मा असा नाही, आणि ते नाव डेटाला देणं हा त्या विचारावरही अन्याय आहे.

अधिक जवळचं उत्तर पालघर जिल्ह्यातच, लोकलने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे.

नालासोपारा आज गाडीतल्या गर्दीसाठी ओळखलं जातं. प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचं मोठं बंदर होतं आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मधोमध दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. तांब्याच्या करंडकाभोवती आठ छोट्या धातुमूर्ती मांडल्या होत्या: होऊन गेलेले सात बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. हा सातवाहन राजा दुसऱ्या शतकातला. मूर्तींची घडण मात्र कित्येक शतकं नंतरची. मधल्या काळात कुणीतरी स्तूप उघडला असावा, आतला ठेवा पाहून त्यात भर घातली असावी आणि पुन्हा बंद केला असावा, असा निष्कर्ष यातून निघतो. हे अवशेष आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

इथे थोडं थांबायला हवं. सगळं अनित्य आहे, हे ज्यांच्या धर्माचं मूळ सूत्र, त्यांनीच मातीच्या खापऱ्या पाच आवरणांत जपल्या. वरवर ही विसंगती दिसते. पण त्या आठ मूर्तींची मांडणी पाहिली की तिचा उलगडा होतो. सात मागच्यांच्या, आठवी अजून न आलेल्याची. खापऱ्या कायम टिकतील असा दावा त्यात नाही. नंतर येणाऱ्याच्या हाती काहीतरी लागावं, एवढीच तजवीज आहे. कुणीतरी मध्येच ठेवा उघडून पाहिला, हेही त्याच तजविजीत बसतं. जपलेलं जागेवर आहे की नाही, हे पाहावंच लागतं.

बौद्ध परंपरेत 'तोच की दुसरा' या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध चर्चा 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात येते. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, की पुन्हा जन्मणारा तोच असतो की वेगळा? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे. पण दोन वेगळे दिवेही जळले नाहीत. एकातून पुढचं निघत गेलं. त्यामुळे तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. बोईसरच्या त्या नव्या एसएसडीला हे उत्तर तंतोतंत लागू पडतं. तिच्यातला एकही कण जुन्या डिस्कचा नाही, तरी तिच्यावरची प्रत्येक नोंद जुन्या डिस्कवरूनच आली. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात माणसाच्या हुबेहूब प्रतींचा पेच उलगडला, तेव्हा तेही याच वळणावर आले: 'तोच का' या प्रश्नापेक्षा एकातून दुसऱ्यात काय चालत आलं ते महत्त्वाचं. बुद्धाचं मत आपल्या मताशी जुळतं, हे त्यांनी त्याच पुस्तकात नोंदवलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा नाकारला आणि पुनर्जन्म नेमका कशाचा, असा प्रश्न उभा केला.

नागसेनाचा दुसरा दाखला कमी सांगितला जातो, पण इथे तोच जास्त कामाचा आहे. एक माणूस आंबे चोरतो आणि पकडला गेल्यावर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे. माझा गुन्हा नाही. राजालाही हा बचाव पटत नाही. झाडावरचे आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले, म्हणून चोर दोषी. 'तोच नव्हे' हे कबूल केलं तरी जबाबदारी सुटत नाही, ती पुढच्याकडे चालत जाते.

इमेज उतरवताना हे अगदी व्यवहारात दिसतं. समजा इमेज मार्च महिन्यातली आहे आणि डिस्क ऑगस्टमध्ये गेली. उतरवलेला संगणक मार्चमध्ये उठतो. त्याच्या लेखी एप्रिलची विवरणपत्रं भरलेली नाहीत, जूनमध्ये शाळेला पाठवलेला दाखला अस्तित्वात नाही, जुलैत बदललेला पासवर्ड त्याला ठाऊक नाही. सरकारी दप्तरात मात्र विवरणपत्र दाखल आहे आणि शाळेत दाखला पोचला आहे. यंत्र मागे गेलं, जग गेलं नाही. मधल्या पाच महिन्यांचा हिशोब माणसालाच पुन्हा जुळवावा लागतो. चूक केल्यावर माणसालाही वाटतं, की त्याआधीच्या दिवसावर परत जाता यावं. धर्मांनी प्रायश्चित्त सांगितलं, पश्चात्ताप सांगितला, क्षमा सांगितली. झालेलं न झाल्यासारखं करण्याची सोय कुणी देऊ केली नाही. हे शहाणपणाचं आहे. मागे जाताना चुकीबरोबर मधली सगळी चांगली कामंही पुसली जातात, हे इमेज उतरवणाऱ्याला पहिल्याच खेपेला कळतं.

आता जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जायला हवं, कारण तिथे याच प्रश्नाचं अगदी वेगळं उत्तर आहे.

डहाणू तालुक्यात बोर्डीच्या बाजूला बहरोटचा डोंगर आणि त्यातली लेणी आहेत. पारशी समाजासाठी ही पवित्र जागा. इराणमधून आलेल्या पारशांनी संजाणला 'इराणशाह' हा अग्नी प्रतिष्ठित केला होता. संजाणवर सुलतानाची फौज चालून आली आणि गाव पडलं, तेव्हा धर्मगुरू तो अग्नी घेऊन बहरोटच्या डोंगरात गेले आणि बारा वर्षं तिथे राहिले, असं १६०० च्या सुमाराला नवसारीत लिहिल्या गेलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात सांगितलं आहे. तिथून तो वांसद्याला, मग नवसारीला गेला आणि १७४२ पासून उदवाड्यात आहे. तारापूरलाही पारशांची जुनी वस्ती आणि अग्यारी आहे. तारापोर हे आडनाव याच गावाचं.

इराणशाह हा 'आतश बेहराम' या सर्वोच्च दर्जाचा अग्नी. असा अग्नी उभा करायला सोळा ठिकाणचे अग्नी लागतात. लोहाराच्या भट्टीतला, सोनाराच्या मुशीतला, आकाशातून पडलेल्या विजेने लागलेला, असे एकेक गोळा करून दीर्घ विधींनी शुद्ध केले जातात आणि मग एकत्र आणले जातात. पुढे दिवसाच्या पाचही प्रहरी त्याला लाकूड दिलं जातं. भारतात असे आठ अग्नी आहेत. ते एकमेकांवरून पेटवलेल्या प्रती नाहीत, प्रत्येकाची प्रतिष्ठा स्वतंत्रपणे झाली. म्हणजे इथे राखीव प्रत नाहीच. बारा वर्षं डोंगरात, पावसात, पाठीवर शत्रू असताना, जे होतं ते एकच होतं, आणि ते टिकलं कारण रोज कुणीतरी उठून लाकूड घालत होतं. नागसेन म्हणेल, की ज्योत दर क्षणी नवी आहे. पारशांचा धर्मगुरू, दस्तुर, त्यावर एवढंच विचारील, की मग आत्ताच्या क्षणाचं लाकूड कोण घालणार? दोघांचं भांडण नाही. एक सांगतो ज्योत म्हणजे काय, दुसरा सांगतो ज्योतीशी वागायचं कसं.

तरीही संगणकाच्या बाबतीत फक्त अखंडतेवर विसंबणं घातक ठरतं, आणि याचा धडा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळाला आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर ठप्प केले. त्या समूहाकडे चालवायला असलेलं न्हावा शेवा बंदरातलं गेटवे टर्मिनलही बंद पडलं. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला काय परवानगी आहे, ही सगळी नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांशी सतत जुळवून ठेवलेले होते. एक गेला तर दुसऱ्यावरून उभा करू, हा भरवसा. व्हायरसने सगळेच एकदम पुसले. वाचला तो एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्याच्यावरची नोंद घेऊन माणसं विमानाने इंग्लंडला गेली. ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभारले गेले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं.

इराणशाह टिकला कारण तो क्षणभरही विझू दिला नाही. घानाचा सर्व्हर टिकला कारण तो त्या क्षणी विझलेला होता. जिवंत प्रत मूळच्या प्रत्येक बदलाबरोबर बदलते, म्हणून मूळच्या आजाराचीही भागीदार होते. घरातल्या अनेकांना वाटतं, की फोटो आपोआप क्लाउडवर चढतात, म्हणजे ते सुरक्षित. इथून पुसलेलं तिथूनही पुसलं जाऊ शकतं, हे पुसल्यावर कळतं. इमेजची खरी किंमत ती तुटलेली असण्यात आहे. ती एका क्षणी थांबते, वेगळ्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवली तरच तिला अर्थ असतो.

डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवर तिसरी रीत आहे. वारली लग्नात सुवासिनी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. चौकात पालघाट देवी असते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र टिकवण्यासाठी नसतं. भिंत पुन्हा सारवली जाते आणि पुढच्या लग्नाला नवा चौक येतो. जुना कुणी जपत नाही, कारण चौक भिंतीत नसून काढणाऱ्या हातांत आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यात असतो. १९७० च्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर आणि कापडावर काढू लागले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्र संग्रहालयांत गेलं. त्याने कला जगभर पोचली, हे मोठं काम. पण संग्रहालयातल्या चित्रात देवी बोलावता येत नाही. त्यासाठी आजही कुणाला तरी चौक काढता यावा लागतो. नुसतं साठवलेलं आणि पुन्हा घडवता येणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराच्या 'फॉरमॅट मारून टाकून देऊ का' या प्रश्नाला घाबरून जाऊ नये ते यासाठी: ज्याला आपलं यंत्र पहिल्यापासून मांडता येतं, त्याचं सगळं काही इमेजवर अवलंबून राहत नाही.

आणि हात किंवा चौक काहीच उरलं नाही, फक्त आठवण उरली, तर? महानुभाव पंथाने हे भोगलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गावोगाव फिरून, साक्षीदारांना विचारून लिहिल्या. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. अनुयायांनी 'लीळाचरित्र' स्मरणातून पुन्हा उभं केलं. हिराइसांची स्मरणशक्ती त्यासाठी पंथात आदराने सांगितली जाते. उभं करणाऱ्यांनी एक फार प्रामाणिक गोष्ट केली. जिथे आठवणी जुळेनात, तिथे एकच पाठ खरा म्हणून बाकीचे दडपले नाहीत. कुणाच्या स्मरणात काय, ते शेजारी शेजारी ठेवलं. पंथाने नंतर ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले, आणि त्या लिप्यांची किल्ली बाहेर नसल्यामुळे हे सगळं मराठी गद्य कित्येक शतकं इतरांना बंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी ती किल्ली मिळवली. आज अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि बिघाडाच्या वेळी ४८ अंकांची किल्ली मागते. ती किल्ली त्याच डिस्कवर ठेवलेली असेल, तर इमेज काय आणि मूळ काय, दोन्ही सारखीच मुकी.

पुन्हा उभं करण्याच्या मर्यादेचं सगळ्यात जड उदाहरण मात्र तारापूरचंच आहे. इथल्या अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक उत्पादनात आले. तिसरा आणि चौथा संच २००५-०६ मध्ये आला आणि त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवावी लागली. पुनर्वसनात घराच्या बदल्यात घर देता येतं, रस्ता आखता येतो, गावाचं नावही नव्या जागी नेता येतं. किनारा नेता येत नाही. एका संगणकाची इमेज वेगळ्या बनावटीच्या संगणकावर उतरवली, की सगळं जागच्या जागी दिसतं पण आवाज येत नाही, नेटवर्क लागत नाही, कारण आतली घडण ज्या यंत्राच्या भरवशावर होती ते यंत्रच नसतं. संगणकाला नवे ड्रायव्हर टाकता येतात. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला समुद्रापासून दूर नेल्यावर असं काही टाकता येत नाही. नकाशावर गाव तेच ठेवून 'पुनर्वसन झालं' म्हणणाऱ्यांनी नागसेनाचा आंब्याचा दाखला वाचावा. गाव बदललं म्हणून गावाचं देणं फिटत नाही.

तेव्हा परत कोण आलं, याचं उत्तर असं, की जुना संगणक परत आला नाही. आला तो त्याचा वारस, आणि त्याच्याबरोबर जुन्याची सगळी देणी आली. वारसासाठी काही ठेवायचं तर सोपाऱ्याच्या लोकांसारखं ठेवायला हवं: आवरणांत, दूर, आणि मधूनमधून उघडून पाहिलेलं. यातला शेवटचा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. गिटलॅब ही प्रोग्रामरांची कामं साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला आणि लक्षात आलं, की प्रत ठेवण्याच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही नीट चालत नव्हती. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून ती कंपनी वाचली. समर्थांनी दासबोधात प्रचीतीवर जो एवढा भर दिला, तो अशाच जागी आठवतो. त्याच ग्रंथात अक्षर कसं लिहावं, कागद-शाई कशी सांभाळावी, यासाठी एक अख्खा समास खर्ची घातला आहे. लिखाण सांभाळणं हे परमार्थाबाहेरचं काम आहे, असं त्यांना वाटलं नाही. उतरवून न पाहिलेली इमेज ही नुसती श्रद्धा आहे, आणि यंत्राच्या बाबतीत नुसत्या श्रद्धेवर घर ठेवू नये.

पालघर-बोईसरच्या वाचकांसाठी हे तातडीचं आहे. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि घरोघरी जुने संगणक नव्या विंडोजवर नेले जात आहेत किंवा बदलले जात आहेत. त्याआधी संपूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. संगणक अजिबात सुरू झाला नाही तर तो चालू करणारा पेनड्राइव्ह आत्ताच बनवा. कुलपाची किल्ली कागदावर लिहून कागदपत्रांच्या फायलीत लावा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत, म्हणून दुसरी एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्या. आणि जुनी डिस्क भंगारात देण्याआधी, एखाद्या रविवारी, ती इमेज खरोखर एका रिकाम्या डिस्कवर उतरवून संगणक त्यावरून सुरू होतो का, ते बघा.